बाटली दिसते छान, पण घरात नको! जुन्या वस्तूंनी घर सजवताना काय वापरायचं, काय टाळायचं?

यवतमाळ : पोळा तोंडावर आला की गावागावांत घरं आवरायला सुरुवात होते. पोळ्यामागून तान्हा पोळा, मग गणपती आणि पाठोपाठ महालक्ष्म्या. भिंतींना चुना, अंगणात सडा-सारवण, दाराला तोरण. बाजारातली सजावट महाग पडते, म्हणून घरातल्याच जुन्या वस्तूंना नवं रूप द्यायचं काम बहुतेक घरांत चालतं. मोबाईलवर तसे व्हिडिओही रोज येतात. बाटलीची कुंडी, डब्याचा स्टूल, टायरचा झुला. पैसे वाचतात, कचरा कमी होतो आणि पोरंही कामाला लागतात. चांगलीच गोष्ट आहे.

पण नेमका हाच काळ कपाशी आणि सोयाबीनवरच्या फवारणीचाही असतो. गोठ्यात, बांधावर, विहिरीच्या कठड्याशी रिकाम्या बाटल्या साचतात. पांढऱ्या, निळ्या, हिरव्या, काही तर चांदीसारख्या चमकणाऱ्या. प्लॅस्टिक जाड, झाकण पक्कं, गळायचं नाव नाही. व्हिडिओतल्या शहरातल्या बाईनं शाम्पूच्या बाटलीची कुंडी केलेली असते. आपल्याकडं हाताशी शाम्पूची नाही, फवारणीची बाटली असते. चूक इथंच होते.

म्हणून जुन्या वस्तूचं काही करायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा : यात आधी काय होतं? वस्तू दिसते कशी, यापेक्षा तिच्यात काय भरलेलं होतं, यावर ती घरात आणायची की नाही हे ठरतं.

औषध म्हणतो, पण आहे विष

गावात कीटकनाशकाला सगळे 'औषध' म्हणतात. 'औषध मारून आलो', 'औषधाची बाटली'. शब्द रोजचा झाला की भीती निघून जाते. पण यवतमाळ जिल्ह्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना झालेल्या विषबाधेनं जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्यांनी ते विष प्यायलं नव्हतं. फवारा अंगावर आला, श्वासातून आत गेला, ओल्या कपड्यांतून कातडीत मुरला. थोड्या थोड्या विषानं, रोज रोज संपर्कात आल्यानं माणसाचं काय होतं, ते तेव्हा सगळ्या राज्यानं पाहिलं.

हेच विष रिकाम्या बाटलीत तळाशी, आट्यांच्या खाचेत आणि झाकणात शिल्लक राहतं. फवारणी करणारा निदान आंघोळ तरी करतो. बाटली घरात आली तर ती रोज घरातच राहते, आणि तिला सगळ्यात जास्त हात लावतात ती लहान मुलं.

बाटलीवरचा रंग ओळखा

प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलवर शंकरपाळीसारखी चौकट छापलेली असते. तिच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो.

- लाल : अत्यंत विषारी. यावर कवटी आणि हाडांचं चित्रही असतं.
- पिवळा : खूप विषारी.
- निळा : मध्यम विषारी.
- हिरवा : त्यामानानं कमी विषारी.

हिरवा रंग पाहून काही जण समजतात की हे चालतं. तसं नाही. हिरवा म्हणजे निर्धोक नाही, बाकीच्यांपेक्षा कमी, एवढाच त्याचा अर्थ. चारही रंगांच्या बाटल्यांना नियम एकच : रिकामी झाली तरी घरात वापरायची नाही. लेबल निघून गेलेली, ओळख न पटणारी बाटली असेल तर ती लाल आहे असं समजूनच वागायचं.

'चांगली धुतली, उन्हात वाळवली' तर?

हा प्रश्न सगळेच विचारतात. निरमा टाकून धुतली, राखेनं घासली, दोन दिवस उन्हात ठेवली, वास गेला. मग काय हरकत?

हरकत अशी, की बरीच कीटकनाशकं पाण्यात टाकली की दुधासारखी पांढरी होतात. त्यांत विष तेलकट द्रावणात विरघळवलेलं असतं. हे द्रावण प्लॅस्टिकच्या आत जिरतं. लोणच्याच्या प्लॅस्टिक बरणीचा वास कितीही धुतली तरी जात नाही, तसंच. वरून बाटली स्वच्छ दिसते, पण भिंतीत मुरलेलं नंतर हळूहळू बाहेर येत राहतं. वास गेला म्हणजे विष गेलं, असं नसतं. काही विषांना तर मुळातच फारसा वास नसतो.

म्हणून या बाटलीत पाणी, तेल, रॉकेल, दूध, मीठ, बियाणं काहीच ठेवायचं नाही. फुलदाणी नाही, पोरांच्या पेन्सिलींचा डबा नाही, कोंबड्यांचं पाण्याचं भांडं नाही, संडासला न्यायचं टमरेल नाही. झाकणंसुद्धा नाहीत. लहान मुलं त्या झाकणांची चाकं करून गाडी बनवतात किंवा भातुकलीत कपबशी म्हणून घेतात आणि मग तोंडाला लावतात. ती झाकणं बाटलीसोबतच गेली पाहिजेत.

आणखी एक. ढेकूण, मुंग्या, वाळवी मरावी म्हणून उरलेलं औषध सारवणात किंवा चुन्यात मिसळायचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका. सारवलेल्या जमिनीवर लेकरं रांगतात, बाया मांडी घालून भाकरी थापतात. शेतातलं विष घराच्या जमिनीत घालायचं नसतं.

मग रिकाम्या बाटलीचं करायचं काय?

बाटली संपली की तिथं शेतातच तीनदा खंगाळायची. पाव बाटली पाणी घ्यायचं, झाकण लावून अर्धा मिनिट हलवायचं आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं. असं तीन वेळा. त्यामुळं तळाशी राहिलेलं, ज्याचे आपण पैसे मोजलेत ते औषध पिकावरच जातं, नाल्यात किंवा विहिरीत जात नाही. हातमोजे घालूनच हे करायचं.

मग खिळ्यानं किंवा विळ्यानं बाटलीला छिद्रं पाडायची. यानं दोन गोष्टी साधतात. घरात कोणी ती वापरू शकत नाही, आणि भंगारातून उचलून तिच्यात बनावट औषध भरून कोणी पुन्हा विकू शकत नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही हेच आहे : रिकामी वेष्टनं पुन्हा वापरात येतील अशी उघड्यावर टाकायची नाहीत, ती फोडून वस्तीपासून दूर पुरायची. विहीर, नाला, बोअर यांच्याजवळ पुरायचं नाही. दुकानदार किंवा कंपनी रिकाम्या बाटल्या परत घेत असेल तर तिकडं देणं सगळ्यात चांगलं. दुकानात एकदा विचारून घ्या. धुऱ्यावर ढीग करून पेटवायच्या मात्र नाहीत. तो धूर विषारीच असतो.

रंगीत बियाण्याच्या पिशव्याही याच यादीत येतात. बियाण्याला गुलाबी, लाल, निळा रंग असतो तो बीजप्रक्रियेच्या औषधाची खूण म्हणून. त्या पिशवीत डाळ-दाणे भरायचे नाहीत.

हे मात्र बिनधास्त वापरा

विष बाजूला काढलं की घरात-शेतात वापरण्यासारखं खूप उरतं.

जुनी लुगडी, साड्या : आपल्या आज्या-पणज्या व्हिडिओ न पाहताच हे करत होत्या. जुन्या लुगड्याचे चार-पाच थर एकावर एक, कडेनं पट्टी, आणि धावदोऱ्यानं बाहेरून आत टाके घालत गेलं की गोधडी तयार. आता अडचण एवढीच की साड्या बऱ्याचशा पॉलिस्टरच्या असतात. त्या घाम टिपत नाहीत. कापड सुती आहे का हे ओळखायला कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटानं चुरगळेल अशी राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. सुती साडी अंगाला लागेल अशा बाजूला लावा. पॉलिस्टरच्या साडीचे पडदे, महालक्ष्मीपुढची झालर, पिशव्या, तोरणं करा. फक्त पॉलिस्टरचा पडदा समईजवळ नको. तो पेटला की वितळून अंगाला चिकटतो.

तुराट्या : थर्माकोलची सजावट १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे. पण मखर करायला थर्माकोल लागतंच असं नाही. वाळलेल्या तुराट्या सोलून, सारख्या लांबीच्या कापून सुतळीनं बांधल्या की मखराची चौकट, भिंतीवरची जाळी, आकाशकंदिलाचा सांगाडा सगळं होतं. वरून गेरू किंवा चुन्याचा हात दिला की शोभा येते. सण झाला की तीच चौकट वेलाला मांडव म्हणून लावा, नाहीतर चुलीत घाला.

पऱ्हाट्या वापरायच्या असतील तर एक काळजी घ्या. वाळलेल्या पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरून राहते. घरापाशी पऱ्हाटीचा ढीग लावला तर पुढच्या हंगामाची अळी आपणच सांभाळली, असं होतं. सजावटीला घ्यायच्या त्या काड्यांवरचं प्रत्येक बोंड आधी तोडून नष्ट करा.

जुना माठ : दोन-तीन उन्हाळे झाले की माठ पाणी थंड करत नाही. पाण्यातले क्षार बसून त्याची बारीक छिद्रं बुजतात. असा माठ फेकू नका. वरून गेरू लावून, चुन्यानं किंवा तांदळाच्या पिठानं नक्षी काढून दाराशी ठेवा, नाहीतर कुंडी करा. आणि माठ अजून थोडा पाझरत असेल तर तो परसातल्या लिंबू-पेरूच्या रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरून पाण्यानं भरा. माती कोरडी झाली की माठातलं पाणी हळूहळू ओढून घेते. बाहेरून ऑइलपेंट लावलेला माठ मात्र पाझरत नाही, तो या कामाचा नाही. तोंडावर झाकण हवंच, नाहीतर डास.

तेलाचा १५ किलोचा डबा : खाण्याच्या तेलाचा डबा घरात वापरायला हरकत नाही. वरचा पत्रा कापल्यावर कडा कानशीनं घासा किंवा हातोडीनं आत वळवा. पोरांचे हात कापतात ते याच कडांनी. कुंडी करायची तर तळाला चार-पाच छिद्रं, त्यावर खापराचे किंवा विटांचे तुकडे, मग माती आणि शेणखत. डबा थेट जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवला की गंज उशिरा लागतो. बसायला स्टूल करायचा तर आत तूस किंवा रेती दाबून भरा, वरून जुन्या गोधडीचा तुकडा शिवून घ्या.

खताची गोणी : युरियाची ४५ किलोची गोणी धुऊन तिचं तळवट, सामानाची पिशवी, भिंतीवर टांगायचा खिसा असं काही करता येतं. धान्य भरायला मात्र नको. आणि ती कायम उन्हात ठेवू नका. उन्हानं तिचे धागे कडक होऊन भुगा होतो, आणि तोच भुगा अंगणातल्या मातीत मिसळतो.

काचेच्या बरण्या, बाटल्या : काचेत काही मुरत नाही. लोणच्याची, जॅमची, सरबताची बाटली गरम पाणी आणि खायच्या सोड्यानं धुतली की मसाल्याला चालते, दोरी गुंडाळून फुलदाणीही होते. इथंही प्रश्न तोच : आधी खायचंच काही होतं ना? ॲसिड किंवा फिनेलची बाटली स्वयंपाकघरात येता कामा नये.

विष नाही, तरी जपून

टायर : रंगवलेलं टायर दिसायला छान दिसतं. पण टायरच्या आतल्या खाचेत पावसाचं पाणी साचतं आणि ते सहजी ओतताही येत नाही. डेंगीच्या डासाला अशीच जागा लागते. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस पुरतात. पाणी आटलं तरी पाण्याच्या कडेला चिकटलेली अंडी महिनोन्महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. टायर ठेवायचंच असेल तर खालच्या बाजूला मोठी छिद्रं पाडा किंवा आत माती गच्च भरून झाड लावा. बाटलीतल्या मनीप्लांटचं पाणीही आठवड्यातून एकदा बदला. नुसतं ओतू नका, बाटली आतून घासा, कारण अंडी काचेला चिकटलेली असतात. आठवड्याच्या कोरड्या दिवशीच हे काम उरकून टाका.

जुना रंग : तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घराघरांत वर्षानुवर्षं जपलेला असतो. दरवर्षी त्याला नवा रंग लागतो. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. नव्या रंगात ते ९० पीपीएमच्या वर नको, असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर नंदीवर, दारांवर, खिडक्यांवर अजून आहेत. कोरड्या पॉलिशपेपरनं घासलं की त्याची बारीक धूळ उडते आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असतं. घासायचंच तर पाणी लावून, घराबाहेर, लेकरं दूर ठेवून घासा. धूळ ओल्या फडक्यानं पुसून घ्या. जुना रंग उडत नसेल, पोपडे निघत नसतील, तर न घासता त्यावरच नवा हात द्या.

ट्यूबलाइट, सीएफएल, बॅटरी : यांची सजावट करू नका. ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो. फुटली तर खोलीची दारं-खिडक्या उघडा आणि तुकडे झाडूनं उडवू नका, जाड कागदानं गोळा करा. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा डबा कुंडी म्हणून अजिबात नको. आत ॲसिड आणि शिसं दोन्ही असतं.

निळा ड्रम : पाणी साठवायला २०० लिटरचे जुने निळे ड्रम गावोगाव विकायला येतात. स्वस्त मिळतात म्हणून घेतले जातात. विकणाऱ्याला आत आधी काय होतं ते विचारा आणि ड्रमवरचं लेबल पाहा. लेबल खरवडलेलं असेल, विकणारा 'काही नाही, साबणाचं पाणी होतं' असं मोघम सांगत असेल, तर त्यात प्यायचं पाणी भरू नका. महालक्ष्मीच्या कोठ्यांसाठीही असा ड्रम कापून आणू नका. त्या कोठीत घातलेलं धान्य पुढं घरातच खाल्लं जातं.

चुकून संपर्क आलाच तर

औषधाच्या बाटलीशी मूल खेळताना दिसलं, किंवा त्यात भरलेलं पाणी कोणी प्यायलं, तर वेळ घालवू नका. तोंडातून लाळ, खूप घाम, उलट्या, डोळ्यांपुढं अंधुक, हातपाय फडफडणं, श्वासाला त्रास ही विषबाधेची लक्षणं असू शकतात. ती दिसायची वाट पाहू नका. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबण आणि भरपूर पाण्यानं धुवा. मीठ-पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका. १०८ वर फोन करा आणि ती बाटली किंवा तिचं लेबल पिशवीत घालून दवाखान्यात सोबत न्या. कोणतं औषध होतं ते कळलं की डॉक्टरांना उपचार लवकर ठरवता येतो.

आज संध्याकाळी एवढं करा

एक पोतं घ्या आणि घराभोवती एक चक्कर मारा. गोठा, माळा, न्हाणीघर, संडास, परसबाग. फवारणीची जी जी बाटली घरच्या कामाला लागलेली दिसेल, ती हातमोजे घालून उचला. तेल ठेवलेली, मीठ ठेवलेली, पोरांनी खेळायला घेतलेली, सगळी. काही भरलेलं असेल तर ते खाऊ-पिऊ नका, जनावरांनाही घालू नका. बाटल्यांना छिद्रं पाडा, पोत्याचं तोंड बांधा आणि लेकरांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवून, वर सांगितल्याप्रमाणं विल्हेवाट लावा.

मग निवांत बसून तुराट्यांचं मखर बांधायला घ्या. जुन्या साड्या काढा, माठाला गेरू लावा. पोरांनाही सोबत घ्या आणि काम करता करता त्यांना तो एक प्रश्न शिकवून ठेवा : यात आधी काय होतं?